मॉडेल इंजिनाच्या एक्झॉस्टचं तापमान कसं मोजायचं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः मॉडेल विमानांच्या ३ ते ६० सीसीच्या ग्लो (मिथेनॉलवर चालणाऱ्या) आणि पेट्रोल टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहेत. फोर-स्ट्रोक, मॉडेल डिझेल आणि छोट्या टर्बाइनचं गणित जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. एक्झॉस्ट वायूच्या तापमानाला पुढे सगळीकडे ईजीटी म्हटलं आहे. मैदानावर सगळे तेच म्हणतात.

ईजीटी मोजून नेमकं काय कळतं?

मिश्रण रिच (इंधन जास्त) आहे की लीन (इंधन कमी), आणि ज्वलन वेळेवर होतंय की मागेपुढे, या दोन गोष्टी. याच दोन गोष्टी पिस्टन वाचवतात किंवा खातात.

ग्लो इंजिन आपण मुद्दाम बरंच रिच चालवतो. मिथेनॉलला पूर्ण जळायला वजनाने साधारण साडेसहा पट हवा लागते, पेट्रोलला पावणेपंधरा पट. शिवाय मिथेनॉलची वाफ व्हायला किलोमागे सुमारे ११०० किलोज्यूल उष्णता खर्च होते, म्हणजे पेट्रोलच्या तिप्पट. जास्तीचं इंधन आतून इंजिन गार करतं ते यामुळेच. नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारी सुई, हळूहळू बंद केली की गार करणारं इंधन कमी होतं आणि ईजीटी चढत जातं. चढत चढत एक शिखर येतं. त्याच्याही पुढे बंद केली, तर जाळायला इंधनच कमी पडतं आणि आकडा पुन्हा उतरतो.

गोची इथेच आहे. शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे एकच आकडा दिसू शकतो. एक बाजू सुरक्षित, दुसरी घातक. नुसत्या आकड्यावरून आपण कोणत्या बाजूला आहोत ते कळत नाही. आकडा कुठून कुठे चाललाय आणि त्याच वेळी आरपीएम काय करतंय, हे बघावं लागतं.

हेडचं (सिलिंडरच्या वरच्या झाकणाचं) तापमान बघितलं तर पुरत नाही का?

थोडंफार पुरतं, पण उशिरा. हेडचं धातूचं वजन तापायला अर्धा मिनिट सहज जातं. ईजीटी काही सेकंदांत हलतं. खरी मजा दोन्ही आकडे शेजारी ठेवले की येते.

दोन्ही वर जात असतील तर मिश्रण लीन होतंय, किंवा प्रॉप (पंखा) फार जड आहे, किंवा काउलमधून (इंजिनावरच्या आवरणातून) हवा नीट खेळत नाही. दोन्ही खाली येत असतील तर मिश्रण रिच होतंय. ईजीटी वर आणि हेड जागच्या जागी किंवा थोडं खाली, असं असेल तर ज्वलन उशिरा सुरू होतंय आणि उरलेली आग पाइपात जातेय. आणि ईजीटी खाली पण हेड वर, हे दिसलं की थ्रॉटल ताबडतोब बंद. ज्वलन फार लवकर होतंय किंवा डेटोनेशन (मिश्रणाचा एकदम भडका) सुरू झालंय. उष्णता वायूबरोबर बाहेर न जाता पिस्टन आणि हेडच्या धातूत शिरतेय. पुष्कळ जण इथे फसतात, कारण उतरणारं ईजीटी बघून वाटतं इंजिन गार होतंय.

हेडचा प्रोब (तापमान टिपणारा सेन्सर) म्हणून प्लगखाली बसणारी रिंग मिळते. ती वापरताना प्लगचा मूळ तांब्याचा वॉशर काढा, नाहीतर दोघांच्या जाडीने प्लग वर राहतो. टर्बो प्लगची बैठक निमुळती असते, तिथे रिंग अजिबात चालत नाही. मग हेडच्या दोन फिनांच्या बेचक्यात प्रोब तांब्याच्या तारेने घट्ट बांधायचा.

माझ्या इंजिनासाठी ईजीटी किती असायला हवं?

याचं सरळ उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

एकाच इंजिनावर, एकाच नीडलवर, प्रोब पोर्टपासून (सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडापासून) २० मि.मी. लांब सरकवला तरी आकडा बदलतो. १ मि.मी.च्या जागी ३ मि.मी.चा प्रोब लावला तर पुन्हा बदलतो. १२,००० आरपीएमला टू-स्ट्रोकमधून सेकंदाला २०० ठोके बाहेर पडतात, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांना एक. त्या ठोक्यात आधी जळालेला तप्त वायू, मागून स्कॅव्हेंजिंगमध्ये (ताजं मिश्रण जळका वायू बाहेर ढकलतं तेव्हा) निसटलेलं ताजं गार मिश्रण. प्रोबला यातलं काहीच वेगळं दिसत नाही, त्याला दिसते ती सगळ्याची सरासरी. वर प्रोबचं टोक स्वतः पाइपाच्या गार भिंतीकडे उष्णता फेकत असतं आणि बाहेर आलेल्या दांड्यातूनही गमावत असतं. म्हणून मीटरवरचा आकडा वायूच्या खऱ्या तापमानापेक्षा जवळजवळ नेहमीच कमी असतो.

१०० सीसीच्या पेट्रोल कार्टसाठी (रेसच्या छोट्या गाडीसाठी) साधारण ६०० ते ६७५ °से. हा पल्ला बराच वापरला जातो. तो कार्टच्या हेडरला (पोर्टला जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळीला), कार्टच्या प्रोबला आणि पेट्रोलला लागू आहे. तोच आकडा धरून ग्लो इंजिनाची नीडल फिरवत बसलात तर तिथे पोचायच्या आधीच लायनर (सिलिंडरची आतली नळी) जाईल. आपल्या इंजिनाचा आकडा आपणच काढायचा; कृती पुढे दिली आहे.

कोणता प्रोब घ्यावा?

के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, जो तापमानाप्रमाणे व्होल्टेज देतो), धातूच्या आवरणातला, आत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेला. आवरण इन्कोनेल ६०० किंवा एसएस ३१०. जाडी १ किंवा १.५ मि.मी. कारच्या किंवा बाइकच्या टर्बो मीटरबरोबर येणारे ३ मि.मी. आणि त्याहून जाड प्रोब दणकट असतात, पण इथे दोन कारणांनी नकोत.

पहिलं, अडथळा. हेडरचा आतला व्यास १० मि.मी. धरा; क्षेत्रफळ ७८.५ चौ. मि.मी. प्रोब मध्यापर्यंत, म्हणजे ५ मि.मी. आत. १.५ मि.मी.चा प्रोब ७.५ चौ. मि.मी. अडवतो, म्हणजे साडेनऊ टक्के. ३ मि.मी.चा अडवतो १५, म्हणजे १९ टक्के. एवढा खुंटा मध्ये उभा केला तर मोजायला घेतलेलं इंजिनच बदलून जातं.

दुसरं, संथपणा. जाड प्रोब नवं तापमान पकडायला कितीतरी जास्त वेळ घेतो. कॅटलॉगमधला प्रतिसादाचा वेळ बहुधा पाण्यात मोजलेला असतो आणि तोही ६३ टक्के बदलापर्यंतचाच. वायूत तोच प्रोब पुष्कळ मंद वागतो. १.५ मि.मी.साठी नीडल हलवल्यावर १० ते १५ सेकंद थांबायची सवय लावून घ्या.

उघड्या टोकाचा, बारीक तारेचा प्रोब सगळ्यात चपळ, पण मॉडेल इंजिनाच्या थरथरीत फार टिकत नाही. टेस्ट स्टँडवरच्या थोड्या वेळाच्या प्रयोगापुरता ठीक.

टोक इन्सुलेटेड घ्यावं की आवरणाला जोडलेलं ग्राउंडेड? ग्राउंडेड थोडं चपळ असतं, पण इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतं. इन्सुलेटेडच घ्या.

हेडरमध्ये नेमका कुठे बसवायचा?

पोर्टच्या जितकं जवळ तितका आकडा मोठा आणि बदल स्पष्ट, पण तितकाच प्रोबवर मार जास्त. ५ ते १० सीसीच्या ग्लो इंजिनासाठी पिस्टनच्या तोंडापासून ४० ते ६० मि.मी. सोयीचं पडतं. २० ते ६० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला ६० ते १०० मि.मी. फोर-स्ट्रोकला व्हाल्वपासून ३० ते ४० मि.मी., जेवढी जागा मिळेल तेवढी.

या अंतराचा बाऊ नको, पण एकदा ठरलं की वहीत लिहा आणि पुढच्या हेडरवरही तेवढंच ठेवा. टोक पाइपाच्या मध्यावर हवं. हेडरला वळण असेल तर वळणाच्या पाठीतून, पाइपाच्या अक्षाला धरून प्रोब घालणं सगळ्यात उत्तम: लांबी जास्त आत राहते, दांड्यातून उष्णता कमी गळते आणि अडथळा फक्त टोकाएवढा. आडवा घालायचाच असेल तर प्रवाहाच्या दिशेने थोडा तिरका.

मफलरमध्ये किंवा ट्यून्ड पाइपच्या (दाबाच्या लाटांनी ताकद वाढवणाऱ्या एक्झॉस्ट पाइपच्या) पोटात बसवलेला प्रोब वाचन देतो, पण ते गार झालेल्या, मिसळलेल्या वायूचं असतं. नीडलचे दोन क्लिक (खाचा) तिथे दिसतीलच असं नाही.

भोक, फिटिंग आणि सीलिंग कसं करायचं?

हेडरच्या भिंती मिलिमीटरभर जाडीच्या असतात. त्यात थेट आटे पाडून काही धरत नाही. लेथवाल्याकडून छोटा बॉस करून घ्या: बाहेरचा व्यास १० मि.मी., उंची ८, आत एम ६ × १ चे आटे, आणि तळ हेडरच्या गोलाईप्रमाणे घासून घेतलेला. हेडर स्टीलचं असेल तर बॉसही स्टीलचा. टिग वेल्डिंग करून घ्या. ग्लो इंजिनाच्या स्टील हेडरवर सिल्व्हर ब्रेझिंग चालून जातं. पेट्रोल हेडरवर मात्र पोर्टजवळ ते टाळा, कारण सिल्व्हर ब्रेझिंगचा धातू साधारण ६२० ते ७०० °से.ला वितळतो आणि तिथला वायू त्या आसपास पोचतो. नेहमीच्या सोल्डरचा विचारही नको, ते १८३ °से.ला वितळतं. ॲल्युमिनियमच्या हेडरला ॲल्युमिनियमचा बॉस आणि ॲल्युमिनियम टिगवर हात बसलेला वेल्डर.

हेडर इंजिनावरून काढूनच भोक पाडायचं. बॉस आधी लावून मग त्यातून प्रोबपेक्षा ०.२ मि.मी. मोठं भोक पाडा. आतली बर (भोकाची खरखरीत कड) गोल कानशीने घासा, पेट्रोलने धुवा, फुंकर मारून बघा. धातूचा एक कण मागे राहिला आणि पाइपातल्या उलट्या लाटेबरोबर पोर्टमध्ये गेला, की पिस्टन-लायनरवर उभे ओरखडे.

प्रोब धरायला कॉम्प्रेशन फिटिंग वापरा. त्यातली फेरूल (आवळणारी कडी) एकदा आवळली की प्रोबवर कायमची बसते, म्हणून खोली आधी ठरवा: हेडरवर बाहेरून मोजून प्रोबला मार्करने खूण करा, मगच आवळा. बॉस आणि फिटिंगच्या मध्ये तांब्याचा वॉशर. लाल आरटीव्ही सिलिकॉन ३०० °से.च्या आसपास हार मानतं. ग्लोच्या मफलरवर ठीक, पोर्टजवळच्या बॉसवर नाही.

गळती तपासायला हेडरचं एक तोंड बुचाने बंद करून दुसऱ्यातून फुंका आणि बॉसवर साबणाचं पाणी लावा. गळती म्हणजे फक्त तेलाचा चिकटा नव्हे. ट्यून्ड पाइपात दाब वर-खाली होत असतो. दाब पडला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत येते आणि नेमकी प्रोबच्या टोकावरून जाते. आकडा तर चुकतोच, पाइपही बिघडतो.

मफलरच्या प्रेशर निपलमधून प्रोब घातला तर भोक पाडावं लागणार नाही ना?

लागणार नाही, पण टँकला जाणारा दाब जाईल आणि इंजिन लीन होईल. मोजायच्या नादात इंजिन बिघडवण्याचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

मीटर कोणता? आर्डुइनोवर जमेल का?

टेस्ट स्टँडसाठी के-टाइप सॉकेट असलेला हातातला डिजिटल थर्मामीटर पुरे. दोन सॉकेटवाला घेतलात तर ईजीटी आणि हेड एकाच वेळी दिसतं. नोंदी साठवायच्या असतील तर आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) छान जमतो.

थर्मोकपल वाचणारी मॅक्स ६६७५ ची चिप स्वस्त, ० ते १०२४ °से., पाव अंशाची पायरी, ५ व्होल्टवर चालते. तिचा एक खोडसाळपणा लक्षात ठेवा. एका रूपांतराला तिला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात आणि मध्येच वाचायला गेलात तर चालू रूपांतर तिथेच थांबतं. प्रोग्राममध्ये दर ५० मिलिसेकंदांना वाचलं, की स्क्रीनवर एकच आकडा गोठून बसतो आणि दोष प्रोबला दिला जातो. २५० मिलिसेकंद किंवा जास्त अंतर ठेवा.

मॅक्स ३१८५५ अधिक शहाणी: तार तुटली, ग्राउंडला टेकली किंवा सप्लायला टेकली तर वेगवेगळा दोष कळवते आणि साधारण ०.१ सेकंदात नवं वाचन देते. पण तिला ३.३ व्होल्टच लागतात, आणि ग्राउंडेड प्रोब इंजिनमार्गे सर्किटच्या ग्राउंडला भिडला की ती वाचन न देता दोष दाखवते. इन्सुलेटेड प्रोबचा आग्रह यासाठीच.

कोणतीही चिप असो, थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगतं. गार टोकाचं तापमान चिप स्वतःच्या अंगावरून ओळखते. टर्मिनल इंजिनाच्या बाजूला तापतंय आणि चिप बोर्डाच्या दुसऱ्या कडेला गार आहे, तर तेवढी चूक थेट वाचनात येते. टर्मिनल आणि चिप जवळजवळ हवेत. बोर्डाला फोममध्ये गुंडाळून प्रॉपच्या झोतापासून आणि विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हापासून लांब ठेवा. पेट्रोल इंजिनावर इग्निशनच्या तारेपासून प्रोबची तार निदान १० सें.मी. दूर, प्रोबच्या स्वतःच्या दोन तारा एकमेकींत पिळलेल्या, आणि टर्मिनलवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

रिमोटच्या टेलिमेट्रीबरोबर मिळणारे तापमानाचे सेन्सर घेण्याआधी त्यांचा पल्ला वाचा. त्यातले पुष्कळसे थर्मिस्टर असतात, हेड किंवा बॅटरीसाठी. हेडरमध्ये घातले तर जळतात.

तार कमी पडली. साधी तांब्याची वायर जोडू का?

नको. तांब्याचा जोड जिथे येतो तिथेच गार टोक तयार होतं आणि त्या जागेचं तापमान चिपला माहीत नसतं. के-टाइपचीच एक्स्टेन्शन केबल आणि के-टाइपचेच पिवळे छोटे कनेक्टर घ्या.

रंगांचा घोळ इथे हमखास होतो. अमेरिकन पद्धतीत पिवळी तार धन आणि लाल ऋण; आयईसी पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. लाल म्हणजे प्लस ही आपल्या हाताची सवय इथे उलटी पडते. शंका असेल तर लोहचुंबक लावा: चिकटते ती ॲल्युमेलची, म्हणजे ऋण. मीटरजवळ उलटं लागलं तर टोक तापवल्यावर आकडा खाली जातो, लगेच कळतं. मधल्या जोडावर आणि मीटरवर, दोन्हीकडे उलटं लागलं तर आकडा बरोबर दिशेने जातो आणि तरीही चुकीचा असतो. मधला जोड मीटरपेक्षा जितके अंश गरम, त्याच्या दुप्पट चूक. ही चूक लोकांना महिनोन्महिने सापडत नाही.

प्रोब खरं सांगतोय हे घरी कसं तपासायचं?

बारीक फोडलेला बर्फ आणि थोडं पाणी थर्मासमध्ये ढवळा: ० °से. यायला हवं. मग उकळतं पाणी, पण १०० ची अपेक्षा फक्त समुद्रसपाटीला. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, पाचगणी-महाबळेश्वरला ९६ च्या थोडं खाली. उगाच प्रोबला नावं ठेवू नका.

वरच्या पट्टीसाठी ६३/३७ सोल्डर छोट्या लोखंडी वाटीत वितळवा, आवरणावर पेन्सिलचं शिसं फासून टोक बुडवा आणि आच काढा. गोठताना आकडा १८३ °से.ला काही वेळ अडून राहतो. खिडक्या उघड्या ठेवा, आणि ती वाटी परत स्वयंपाकघरात न्यायची नाही.

त्याच्या वरचं मल्टिमीटरने ताडता येतं. गार टोक २५ °से.ला असताना के-टाइप १०० ला ३.१०, ३०० ला ११.२१ आणि ५०० ला १९.६४ मिलिव्होल्ट देतं. चांगल्या प्रोबचीही ठरलेली सूट ±२.२ अंश किंवा वाचनाच्या ०.७५ टक्के, यातलं जे मोठं ते. दशांशावर भांडण्यात अर्थ नाही.

स्वतःच्या इंजिनाचा आकडा काढायची कृती काय?

इंजिन रन-इन झालेलं (सुरुवातीला जपून चालवून बसलेलं) हवं, आणि नेहमीचंच इंधन, प्लग, प्रॉप. ७.५ सीसीच्या ग्लोला ११×६ प्रॉप हा नेहमीचा जोड. टेस्ट स्टँड पक्का आवळा. प्रोबची तार इंजिनाच्या मागून काढा. प्रॉपच्या चाकोरीत किंवा तिच्या रेषेत ना तार, ना मीटर वाचणारा माणूस. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून जवळ बादलीभर पाणी ठेवा. ते मिथेनॉलला चालतं, पेट्रोलच्या आगीला मात्र पावडरचं एक्स्टिंग्विशर लागतं. आणि मिथेनॉल हे विष आहे, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या, हातमोजे घाला.

इंजिन सुरू करून दोनेक मिनिटं मध्यम थ्रॉटलवर तापवा. मग पूर्ण थ्रॉटल द्या आणि नीडल एवढी उघडा, की फोर-स्ट्रोकिंगचा (रिच मिश्रणामुळे एकाआड एक ठोका चुकण्याचा) घोगरा, अडखळता आवाज यायला लागेल आणि पांढरा धूर सुटेल. इथून सुरुवात. दोन क्लिक बंद, १५ सेकंद थांबा, आरपीएम, ईजीटी आणि हेड लिहा. पुन्हा दोन क्लिक. घोगरा आवाज संपून स्वच्छ टू-स्ट्रोक लागतो तिथे ईजीटी एकदम उडी मारतं. त्यापुढे एकेक क्लिक.

आरपीएम वाढायचं थांबलं की तिथेच थांबा. ईजीटीचं शिखर शोधायला पुढे जायचा मोह होतो, तो आवरा. ईजीटीचं शिखर आणि आरपीएमचं शिखर एकाच ठिकाणी येईल असं नाही. ग्लो इंजिनात आपल्याला आरपीएमचं हवं आहे. समजा आरपीएमचं शिखर १२,४०० ला आलं आणि तिथे मीटरवर ४२० होते. आता नीडल उघडत आरपीएम २०० ते ४०० ने खाली आणा. तिथे मीटर ३९५ दाखवत असेल तर ३९५ हा तुमचा आकडा आणि ४२० ही तुमची लक्ष्मणरेषा. दुसऱ्या कुणाच्या इंजिनावर, अगदी त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलवर, या आकड्यांना काही किंमत नाही.

यानंतर इंजिन मॉडेलवर बसवून, मॉडेल हातात धरून नाक सरळ वर करा आणि दहा सेकंद थांबा. टँक खाली राहतो, इंधन वर चढायला ताण पडतो. ईजीटी चढून लक्ष्मणरेषेला टेकलं तर जमिनीवरची नीडल अजून दोन-तीन क्लिक उघडायला हवी. हवेत प्रॉपवरचा भार हलका होतो, आरपीएम वाढतं आणि मिश्रण आणखी लीन होतं. टँक रिकामा होत जातो तसंही हेच होतं.

हवामान आणि उंचीचा किती फरक पडतो?

बराच. मुंबईच्या तुलनेत पाचगणीच्या पठारावर, सुमारे १३०० मीटरवर, हवा १२ टक्के विरळ. मुंबईची नीडल तिथे रिच पडते, ईजीटी कमी दिसतं, इंजिन घोगरं चालतं. तिथे नीडल बंद करून सुरेल केलं आणि रविवारी तसंच समुद्रकाठी उडवलं, तर इंजिन लीन. वरून खाली येणं जास्त धोक्याचं.

पावसाळ्यात ३० °से.ला हवा बाष्पाने पूर्ण भरली असेल तर ऑक्सिजन सुमारे ४ टक्क्यांनी कमी मिळतो. म्हणजे जुलैत लावलेली नीडल डिसेंबरच्या कोरड्या, गार सकाळी लीन निघते. वहीत तारीख, ठिकाण आणि हवेचं तापमान लिहायचं ते यासाठी.

पेट्रोल इंजिनात वेगळं काय बघायचं?

इथे इग्निशनचं टायमिंगही (ठिणगी कधी पडते ते) हातात असतं, आणि ते ईजीटी मिश्रणाएवढंच हलवतं. टायमिंग उशिरा केलं की ईजीटी वाढतं, लवकर केलं की घटतं. त्यामुळे ईजीटी जास्त दिसलं म्हणून लगेच एच (पूर्ण थ्रॉटलची) नीडल उघडू नका. आधी क्रँकवरचं मॅग्नेट आणि सेन्सर जागच्या जागी आहेत ना ते बघा. सेन्सरचा स्क्रू सैल होऊन पट्टी सरकणं नेहमीचं आहे. टायमिंग ठरलं की मग एच नीडल, एका फेऱ्याच्या सोळाव्या भागाने. एल (कमी थ्रॉटलच्या) नीडलचा परिणाम पूर्ण थ्रॉटलच्या ईजीटीवर फारसा दिसत नाही.

तेलाचं प्रमाण ५०:१ वरून ३०:१ केलं तर त्याच जेटमधून पेट्रोल थोडं कमी जातं, म्हणजे मिश्रण किंचित लीन होतं. जास्त तेल घातलं म्हणजे इंजिन गार राहील, असं समजणाऱ्यांना ईजीटी वाढलेलं बघून धक्का बसतो.

वाचन नाचतंय, अडकलंय किंवा हळूहळू कमी होत चाललंय. का?

इंजिन सुरू असतानाच नाचतं आणि बंद केल्यावर स्थिर होतं: पेट्रोलवर बहुधा इग्निशनचा विजेचा व्यत्यय, ग्लोवर बहुधा आत तुटत आलेली तार. प्रोब काढून हाताने हलवत मल्टिमीटरने रोध बघा. उडी मारली तर प्रोब गेला. तो मोडतो तेही ठरलेल्या जागी, फिटिंगच्या कडेला. फिटिंगनंतर ४० ते ५० मि.मी.वर एक आधार द्या आणि पुढे तारेला सैल वेटोळं ठेवा.

आठवड्या-आठवड्याने आकडा कमी होतोय पण इंजिनाचा आवाज तोच: टोकावर इंधनातल्या एरंडेलाचं वार्निश आणि कार्बन चढलंय. ते उष्णता अडवतं, वाचन संथ आणि कमी होतं. मऊ पितळी ब्रशने साफ करा. फार चिकट असेल तर गरम ॲन्टिफ्रीझमध्ये, उघड्यावर, टोक तासभर बुडवून ठेवा. एरंडेलाचं जुनं वार्निश त्याने सुटतं. साफ केल्यावर आकडा वर गेला तर इंजिन लीन झालं असं समजू नका.

इन्फ्रारेड गनने हेडरवर नेम धरला तर?

गन पृष्ठभाग मोजते, वायू नाही. त्यात चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी किरणांत सोडतं आणि आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतं, त्यामुळे आकडा खूपच कमी येतो. हेडवर मॅट काळ्या उष्णतारोधक पेंटचा ठिपका देऊन तिथेच, तेवढ्याच अंतरावरून नेम धरलात तर हेडच्या तापमानासाठी गन कामाची. ईजीटीसाठी नाही.

दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन्हीकडचं ईजीटी सारखं येत नाही.

आधी दोन्ही प्रोबची अदलाबदल करा. फरक प्रोबबरोबर गेला तर दोष प्रोबचा, जागेवरच राहिला तर इंजिनाचा. इंजिनाचा असेल तर इनटेकचं गॅस्केट, प्लग आणि काउलमधली हवेची वाट या क्रमाने बघा. दोन्ही प्रोब एकाच जाडीचे आणि पोर्टपासून समान अंतरावर नसतील तर तुलना सोडूनच द्या.

कार आणि बोटीसाठी उपयोग आहे का?

बोटीसाठी पुष्कळ. हेडभोवती पाणी खेळत असल्याने हेडचं तापमान काही सांगत नाही, भार मात्र सतत पूर्ण. प्रोब पाणी मिसळतं त्याच्या आधी हवा. नायट्रो बगीत थ्रॉटल दर सेकंदाला बदलतो आणि प्रोब मागे पडतो; लांब सरळ रस्त्याच्या शेवटचा आकडा तेवढा घ्यावा, बाकी हेडवर भागवावं.

मॉडेल डिझेलमध्ये?

ईथर-रॉकेल-एरंडेलावर चालणाऱ्या डिझेलमध्ये वरचा कॉम्प्रेशन स्क्रू हेच टायमिंग. जास्त आवळला की ज्वलन लवकर, ईजीटी खाली, हेड वर, आणि कनेक्टिंग रॉडवर मार. नीडल फिरवायच्या आधी स्क्रू पाव फेरा सैल करून बघा.

छोट्या जेट टर्बाइनचं ईजीटीही असंच मोजतात का?

प्रोब तसाच, के-टाइपचा बारीक, पण काम वेगळं. तिथे तो माणसासाठी नसून ईसीयूसाठी (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकासाठी) असतो: सुरू होताना आग लागली का, इंधन किती वाढवायचं आणि कधी बंद करायचं, हे ईसीयू त्यावरून ठरवतं. चालू टर्बाइनचं ईजीटी साधारण ५०० ते ७०० °से.च्या पट्टीत असतं. नेमकी मर्यादा त्या टर्बाइनच्या पुस्तिकेतलीच पाळायची. नोझलमध्ये फेरभर तापमान सारखं नसतं, म्हणून कंपनीने दिलेली जागा आणि खोली अर्ध्या मिलिमीटरनेही बदलू नका. प्रोब सरकून बाहेर आला तर तो कमी तापमान दाखवतो, ईसीयूला सगळं आलबेल वाटतं आणि आतलं टर्बाइन व्हील मर्यादेपलीकडे तापत राहतं. दर उड्डाणाआधी प्रोबची क्लिप बोटाने हलवून बघा. गार असताना, अर्थातच.